आईचं डायलिसिस नियमित चालू आहे, तरी बीपी १९०च्या खाली येत नाही. कारण काय असेल?

खाडीपलीकडची

नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यातले, आचऱ्याच्या बाजूचे. आई ६३ वर्षांची आहे, सात वर्षं डायलिसिसवर. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास. पहाटे अंधारात घर सोडतो, परत यायला तीन वाजतात. पाळी कधी चुकवलेली नाही, गेल्या वर्षी पुलावर पाणी आलं तेव्हा तेवढी एक पाळी दुसऱ्या दिवशी झाली.

सुरुवातीची काही वर्षं एका गोळीवर बीपी १४०/८० असायचं. गेल्या वर्षभरात ते चढतच गेलं. आता सिल्निडिपिन, मेटोप्रोलॉल, दिवसातून तीनदा क्लोनिडिन आणि रात्री प्राझोसिन एवढं चालू आहे. तरी घरी मोजलं की १८५, १९०, कधी १९५. खालचं मात्र ७५-८०च असतं.

गोंधळ असा की डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला हेच बीपी धाडकन १००वर येतं. पोटऱ्यांत गोळे येतात, आई ओरडते, मग सलाईन सोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १९०. सेंटरवर विचारलं तर "डायलिसिसच्या पेशंटना बीपी असतंच" एवढंच उत्तर मिळतं. घरी येणारा प्रत्येक जण तिला टेन्शन घेऊ नको म्हणून सांगतो, त्याचंच तिला जास्त टेन्शन येतं. मुंबईचा भाऊ म्हणतो, गणपतीला येतो तेव्हा डॉक्टर बदलूया.

अंगात पाणी म्हणावं तर पाय सुजलेले नाहीत. वजनही दर वेळी बरोबर ४८ किलोवर आणून सोडतात. जेवणात मीठ कमी केलंय, आणि आता श्रावण, त्यामुळे सुकी मासळी घरात शिजतच नाही. मग हे बीपी येतं कुठून? कोणाला असा अनुभव आहे का?

---

श्रीकृपा७

ताई, सकाळी उपाशीपोटी दोन लसूण पाकळ्या द्या. साधं मीठ पूर्ण बंद करून सैंधव वापरा. रोज एक शहाळं दिलंत तर बीपी नक्की उतरेल. आमच्या काकांना गुण आला.

---

चौथी_खुर्ची

श्रीकृपा, तुमच्या काकांच्या किडन्या चालू असतील. डायलिसिसवरच्या माणसाला रोज शहाळं द्यायचं म्हणजे सरळ पोटॅशियम पाजायचं. किडनी ते बाहेर टाकत नाही, आणि पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडतं, कधीकधी काही न सांगता. सैंधव हे शेवटी सोडियमचंच मीठ. बाजारात ते "लो सोडियम" मीठ मिळतं ना, त्यात तर सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ते आमच्यासारख्यांच्या घरात नकोच. लसणीबद्दल माझी तक्रार नाही, आमटीत घाला.

ताई, मी स्वतः राजापूरकडचा, रिटायर्ड एसटी कंडक्टर. आईंच्यापेक्षा थोडा सीनियर आहे डायलिसिसच्या खुर्चीवर. तुमच्या लिहिण्यात एक आकडा मला खटकला, पण त्याआधी हे सांगा.

४८ किलो हे वजन कधी ठरवलंय? त्यानंतर आईंचं जेवण कमी झालं का, मोठं आजारपण झालं का? अंगावरचे कपडे, हातातल्या बांगड्या पूर्वीसारख्या बसतात का? रात्री झोपताना उशा किती घेतात, आडवं झाल्यावर खोकला येतो का? लघवी अजून होते का? दोन पाळ्यांमध्ये वजन किती वाढतं? आणि दिवसभरात त्या काय काय खातात-पितात ते खरं खरं लिहा. "मीठ कमी केलंय" हे प्रत्येक घर सांगतं, माझंही सांगायचं.

---

खाडीपलीकडची

तुमचे प्रश्न वाचून आईसमोर जाऊन बसले आणि एकेक बघितलं.

४८ हे दीड-दोन वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हापासून तेच. मागच्या पावसाळ्यात तापानं खूप आजारी होती, ॲडमिट होती. तेव्हापासून जेवण निम्म्यावर आलंय. बांगड्यांचं तुम्ही विचारलंत आणि मी थक्क झाले. तिच्या सोन्याच्या पाटल्या साबण लावल्याशिवाय निघायच्या नाहीत, आता भांडी घासताना आपोआप कोपरापासून मनगटापर्यंत घरंगळतात. ब्लाउज मी दोनदा आत घेतलेत. गालफडं बसलीत.

उशा दोन. महिनाभर झाला, झोपल्यावर कोरडा खोकला येतो, मग उठून बसते. आम्ही पावसाळी हवा म्हणून वाफ देत होतो. लघवी पूर्वी बऱ्यापैकी व्हायची, आता दिवसभरात जेमतेम वाटीभर. वजन सोमवारी साडेतीन किलोपर्यंत वाढलेलं असतं, गुरुवारी अडीच-पावणेतीन.

खाणं: सकाळी उकड्या तांदळाची पेज, बरोबर भाजलेला पापड किंवा खारातल्या कैरीची फोड. दुपारी थोडा भात, वरण किंवा कडधान्याची उसळ, सोलकढी. सोलकढी आगळाची करते, ती असली तरच चार घास जास्त जातात. संध्याकाळी चहा-बटर. रात्री पुन्हा भात नाहीतर पेज. सध्या मासे नाहीत म्हणून तळलेली सांडगी मिरची तोंडी लावायला. पाण्याची बाटली सेंटरवाल्यांनी सांगितली तशी मोजूनच देतो, पण ती दुपारपर्यंत संपते. मग म्हणते, "माका तान लागता गो, मी काय करू?"

---

चौथी_खुर्ची

ताई, आता सविस्तर लिहितो. डॉक्टर मी नाही. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून आणि आमच्या नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, छळून जे समजलं ते सांगतोय. तुम्ही ते तुमच्या डॉक्टरांसमोर मांडा.

मला खटकलेला आकडा ४८. अंगातलं जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं त्याला ड्राय वेट म्हणतात. ते कायमचं नसतं. वर्षभरात आईंचं मांस उतरलंय, पाटल्या सांगताहेत. समजा दीड-दोन किलो मांस गेलं. मग काट्यावर ४८ भरतात कसे? ती जागा पाण्यानं घेतली. मशीनवाला त्याचं काम चोख करतोय, लिहिलेल्या ४८वर आणून सोडतोय. पण त्या ४८मध्ये आता पाणी जास्त आणि आई कमी आहे. पाय सुजायची वाट बघू नका. लिटर-दोन लिटर पाणी पायावर बिलकुल न दिसता अंगात राहू शकतं. ते आधी बीपीत दिसतं, मग रात्रीच्या खोकल्यात. दोन उशा आणि आडवं झाल्यावर खोकला ही पावसाळी हवा नसेल, छातीत पाणी उतरत असेल. हे गुरुवारपर्यंत ठेवू नका, आजच फोन करून सांगा.

डायलिसिसवरच्या माणसाच्या बीपीची बाकी कारणं पुष्कळ आहेत, पण पहिलं, दुसरं आणि तिसरं कारण मीठ आणि पाणी. पाणी वाढलं की रक्ताचं आकारमान वाढतं, हृदय जास्त जोरानं ढकलतं, आणि काही दिवसांनी रक्तवाहिन्याही आवळून बसतात. त्यात गोळ्या वाढवत जाणं म्हणजे कारण तसंच ठेवून आकडा दाबणं. वर्षभरात एकावरून चार गोळ्या झाल्या आणि बीपी हललं नाही, हाच मला मोठा पुरावा वाटतो.

आता तुमचा मुख्य गोंधळ. पाणी आहे तर तिसऱ्या तासाला बीपी का पडतं? सगळ्यांना इथंच वाटतं की "पडतंय म्हणजे पाणी संपलं, अजून काढू नका." मशीन पाणी काढतं ते फक्त रक्तातून. मांसपेशींत, कातडीखाली मुरलेलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. गणपतीच्या दिवसांतली आमची गाडी आठवा. स्टँडवर दाराजवळचे भराभर उतरले की दार मोकळं दिसतं, पण मागच्या सीटवरचा अजून गाठोडं काढतोय. दार मोकळं झालं म्हणून गाडी रिकामी झाली असं कंडक्टर म्हणाला तर त्याची नोकरी जाईल. आईंचं तिसऱ्या तासाला तेच होतंय. साडेतीन लिटर चार तासांत ओढताना रक्तातलं पाणी आधी संपतं, मागचं येऊन पोचत नाही, बीपी पडतं, गोळे येतात. मग सलाईन देतात, म्हणजे काढलेलं थोडं परत आत जातं. घरी येईपर्यंत मागचं पाणी रक्तात येऊन बसतं, आणि सकाळी १९०. एकाच अंगात दोन्ही खरं आहे.

लघवीकडे कुणी लक्ष देत नाही. पहिली काही वर्षं ती होत असते, आणि गपचूप रोजचं अर्धा-पाऊण लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ बाहेर टाकत असते. वर्षं जातात तशी ती आटते. आईंचं बीपी पहिली वर्षं एका गोळीवर राहिलं त्यात लघवीचा वाटा असणार. ती वाटीभरावर आली, पण पेज, सोलकढी, आठवड्याच्या पाळ्या सगळं तसंच राहिलं. जे थोडं होतंय ते टिकवायला दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफिनॅकसारख्या, देऊ नका. त्या बीपीही वाढवतात. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं तेही बीपी चढवतं. मेडिकलवाल्याला सांगून घ्या.

आता मीठ. रागावू नका, पण तुमच्या घरी मीठ कमी झालेलं नाही, भाजीतून निघून ताटाच्या डाव्या बाजूला जाऊन बसलंय. आगळ म्हणजे मिठात मुरवलेला कोकमाचा रस. खारातली कैरी नावातच सांगते. सांडगी मिरची, पापड. बटरातही असतं. सुकं बंद झालं म्हणून श्रावणात मीठ कमी होत नाही आपल्याकडे. मे महिन्यात जे जे बरणीत भरून ठेवलं ते सगळं आता बाहेर येतं.

कंडक्टरी हिशोब करून दाखवतो. अंगातल्या एका लिटर पाण्यात साधारण आठ ग्रॅम मीठ असतं आणि शरीर ते प्रमाण काटेकोर सांभाळतं. म्हणजे आठ ग्रॅम मीठ खाल्लं की तहान लागून एक लिटर पाणी पोटात जाणारच, बाटली तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवली तरी. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. आई रोज आठ खात असतील, तर गुरुवार ते सोमवार चार दिवसांचे ३२ ग्रॅम, म्हणजे चार लिटर. घामाचं आणि वाटीभर लघवीचं वजा करा. तुमचे साडेतीन किलो आले की नाही?

म्हणून "पाणी कमी पी" हे त्या माऊलीला सांगून उपयोग नाही, ती खरंच तहानलेली आहे. आधी मीठ काढा, तहान आपोआप उतरेल. आणि पेज, सोलकढी, चहा, वरण हे सगळं पाण्यातच धरा. दोन वेळच्या पेजेचं पाणी त्या बाटलीपेक्षा जास्त भरेल. माझ्या पहिल्या वर्षी आमच्या हिनं पेजेच्या जागी मऊ भात आणि तव्यावरची गरम घावनं सुरू केली, मीठ न घालता, वर लिंबू आणि मिरी. आठवडाभर मी तोंड वाकडं करून जेवलो. मग जीभ सरावते. आता हॉटेलची भाजी मला खारट लागते.

---

मशीनमागचा

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, चिपळूण भागात. चौथी_खुर्चीकाकांनी आमची अर्धी ड्यूटी केली. मशीनच्या बाजूचं थोडं सांगतो.

पाणी काढायच्या वेगाला मर्यादा असते. दर किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरच्या वर जाऊ नये असं आम्ही धरतो. ४८ किलोला तासाला सव्वासहाशेच्या आसपास, चार तासांत अडीच लिटर. तुमच्या आईंचे सोमवारी साडेतीन काढतात. गोळे येणारच. यावर वेग वाढवणं हा उपाय नाही, वेळ वाढवणं हा आहे. साडेचार-पाच तास, किंवा आठवड्यात तिसरी पाळी. आठवड्याला तीन पाळ्या हेच खरं प्रमाण आहे. आपल्याकडे लांबचा प्रवास, मजुरी बुडणं, खुर्च्या कमी, म्हणून दोनवर भागवलं जातं. लघवी चांगली होती तोवर दोन चालून गेल्या असतील. महात्मा फुले योजनेत किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मोफत डायलिसिसमध्ये तिसरी पाळी बसते का ते सेंटरच्या आरोग्यमित्राला विचारा.

सलाईनचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. गोळा आला की बाटली सोडायची ही आमच्याकडची सवय, कारण चार मशीन एकदम ओरडत असतात आणि सलाईननं पटकन आराम पडतो. पण संध्याकाळी पेशंटला जी तहान लागते ती त्यातलीच. आईंना डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी जास्त तहान लागते का बघा.

दुसरं, मशीनच्या पाण्यात सोडियम किती ठेवलंय ते विचारा. बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना सरसकट १४० असतं. पेशंटचं स्वतःचं सोडियम १३४-१३५ असेल तर चार तासांत मीठ रक्तात जात राहतं. बीपी पडू नये म्हणून काही जण ते आणखी वर ठेवतात, त्या वेळी बरं वाटतं आणि घरी जाऊन पाणी पाणी होतं. कमी करायचं का हे डॉक्टर ठरवतील, पण तुम्ही विचारलंत तर ते बघतील. मशीनचं तापमान अर्धा-एक डिग्री उतरवूनही बीपी पडणं कमी होतं, थोडी थंडी वाजते, शाल न्या.

आणि डबा. "मशीनवर असताना काहीही खाल्लं तरी चालतं" हे खुर्च्यांवरचं जुनं शास्त्र आहे. माझ्याकडे एक आजोबा तिसऱ्या तासाला बरोबर दोन वडे काढतात. भरपेट खाल्लं की रक्त पोटाकडे जातं आणि बीपी कोसळतं. आई मशीनवर काय खातात?

---

दापोलीचा_डॉक्टर

मी फिजिशियन आहे, नेफ्रॉलॉजिस्ट नाही, पण असे पेशंट पाहतो. वरच्या दोघांनी मूळ मुद्दा पकडलाय. ही समजूत नवीनही नाही. १९६० साली अमेरिकेत सिएटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या रुग्णावर कायमस्वरूपी डायलिसिस सुरू केलं, तेव्हा त्याचंही बीपी भयंकर होतं आणि ते आटोक्यात आलं जादा पाणी काढून आणि जेवणातलं मीठ तोडून. फ्रान्समधल्या तासँच्या केंद्रात आठ-आठ तासांचं डायलिसिस आणि कमी मिठाचं जेवण यावर बहुतेकांना बीपीची गोळी लागत नसे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५० रुग्ण होते. ज्यांचं ड्राय वेट हळूहळू सरासरी किलोभरानं उतरवलं, त्यांचं वरचं बीपी गोळ्या न वाढवता सुमारे सात अंकांनी उतरलं.

तरी पाण्याशिवायची कारणंही तपासायला हवीत. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट नाही: रक्त वाढवायचं इंजेक्शन, एरिथ्रोपोएटिन, चालू आहे का? त्यानं बीपी वाढतं, विशेषतः हिमोग्लोबिन झपाट्यानं वर गेलं तर. आजारपणानंतर डोस वाढवला असेल आणि हिमोग्लोबिन ८वरून थोड्या आठवड्यांत ११-१२वर गेलं असेल तर तो वाटा धरावा लागेल. स्वतःहून बंद करू नका.

वरचं १९० आणि खालचं ७५, हे अंतर रक्तवाहिन्या कडक झाल्याचं लक्षण असू शकतं. वर्षानुवर्षं फॉस्फरस चढा राहिला की वाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं. ते उलटवता येत नाही, पण वाढू नये म्हणून जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची असते. जेवणानंतर तासाभरानं घेतली तर फारसा उपयोग नाही. अशा पेशंटचं बीपी १२०वर आणायचा हट्टही धरायचा नसतो.

निकामी किडन्या लघवी करत नसल्या तरी रेनिन हे बीपी चढवणारं द्रव्य सोडत राहतात आणि मेंदूकडे चुकीचे संदेश पाठवून वाहिन्या आवळायला लावतात. म्हणून काहींना पाणी नीट काढूनही गोळ्या लागतातच. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे आणखी एक. पाणी जास्त असेल तर रात्री आडवं झाल्यावर ते मानेकडे सरकून घोरणं वाढतं.

गोळ्यांबाबत: मेटोप्रोलॉल डायलिसिसमध्ये बरंचसं धुऊन जातं, सिल्निडिपिनसारख्या गोळ्या फारशा जात नाहीत. डायलिसिसच्या सकाळी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे गोळीगणिक लिहून घ्या. बीपी पडेल म्हणून त्या सकाळी सगळ्याच चुकवायची पद्धत आहे, पण क्लोनिडिनची पाळी चुकली तर बीपी उसळून वर येतं.

बीपी फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या, हातावर कधीही मोजू नका. डायलिसिस नसलेल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून मोजा आणि वहीत लिहा. सेंटरवर धावपळीत मोजलेल्या आकड्यापेक्षा ती वही जास्त खरी.

रात्री बसूनच श्वास घ्यावा लागला, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली तर पाळीची वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलला न्या.

---

खाडीपलीकडची

काल फोन केला होता, त्यांनी आजच एक जादा पाळी घेतली. डॉक्टर होते म्हणून मी बांगड्यांपासून सगळं सांगितलं. त्यांनी छाती तपासली, एक्स-रे काढला. छातीत पाणी आहे म्हणाले. ४८ खोडून ४७.५ लिहिलं, मग ४७, त्यापुढचं बघून ठरवणार. तूर्त आठवड्याला तीन पाळ्या, गुरुवार ते सोमवारच्या मध्ये एक. सोडियमचं विचारलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले, पण मग मशीनवाल्याला १३७ करायला सांगितलं. इंजेक्शन चालू आहे. हिमोग्लोबिन मे महिन्यात ८.२ होतं, आता ११.८. डोस कमी केलाय.

मशीनमागचा, आई मशीनवर दोन इडल्या आणि चटणी खायची. आज चटणी दिली नाही आणि एकच इडली दिली. गोळा आला नाही, पण आज पाणीही कमीच काढलं म्हणा.

आत्ता घरी मोजलं, १७६/७८. खोकला आहे थोडा. खरी पंचाईत स्वयंपाकघरात आहे. आगळाची बाटली मी वरच्या फळीवर ठेवली तर आईनं माझ्याशी बोलणं टाकलंय. शेजारच्या काकींना सांगत होती, "चेडवान माझा जेवाणच काढून घेतल्यान." सोलकढी पूर्ण बंद करावी लागेल का? आणि वजन कमी करायला घेतलं तर बीपी कधी उतरायचं?

---

चौथी_खुर्ची

१७६ हा एका दिवसाचा आकडा आहे, त्यावर आनंदही नको आणि दुःखही नको. पाणी निघालं की बीपी लगेच खाली बसेलच असं नाही. वाहिन्या सैलावायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. या मधल्या काळात लोक धीर सोडतात आणि पाचवी गोळी मागतात. पुढे जेव्हा उतरायला लागेल तेव्हा उलट होईल, मशीनवर बीपी जास्त पडेल, आणि सेंटरवाले म्हणतील वजन पुन्हा वाढवा. तेव्हा आधी गोळ्या कमी करता येतील का ते विचारा. कुठली आधी हे डॉक्टरांनी ठरवायचं. क्लोनिडिन तर एकदम सोडायचीच नाही, टप्प्याटप्प्यानं.

आणि भूक सुधारली, अंडं-मासे जायला लागले, अंगावर मांस आलं तर ड्राय वेट वरही न्यावं लागतं. दर महिन्याला पाटल्या बघत जा.

सोलकढीचं: बिनमिठाची आमसुलं मिळतात, आमच्याकडे आठवडी बाजारात बाया घेऊन बसतात, चाखून घ्या. ती थोड्या गरम पाण्यात कुस्करून, नारळाचं दूध अगदी पातळ, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. मीठ नाही. नारळाच्या दुधात पोटॅशियम आहे म्हणून वाडगा नाही, छोटी वाटी, तीही आठवड्यातून दोनदा, आणि डॉक्टरांना पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून. ती वाटी पाण्याच्या हिशोबात धरायची. श्रावण संपला की ताजा बांगडा तिरफळ घालून करा, तिरफळ असलं की मीठ कमी आहे हे जिभेला उशिरा कळतं. सुका बांगडा मात्र भावाच्या पिशवीत घालून मुंबईला पाठवा.

---

खाडीपलीकडची

भावाला बीपी आहे हो.

---

चौथी_खुर्ची

मग शेजारच्या काकींना द्या.